घरपट्टीविरुद्धचं अपील : एका 'काल्पनिक भाडेकरू'चा इतिहास

घरपट्टीची नोटीस आली की आपण रक्कम बघतो, वैतागतो आणि भरून टाकतो. संशोधन करू पाहणाऱ्याने मात्र जरा थांबून विचारावं, की हा आकडा आला कुठून? आणि 'हा चुकीचा आहे' असं म्हणायचा हक्क आपल्याला कोणी, कधी दिला?

तुम्ही स्वतःच्या घरात राहता, भाडं देत नाही आणि घेतही नाही. तरी पालिका म्हणते, तुमच्या घराचं वार्षिक भाडेमूल्य अमुक. हे कोणाचं भाडं? तर एका काल्पनिक भाडेकरूचं. हे घर खुल्या व्यवहारात वर्षाच्या बोलीने दिलं असतं तर वाजवी भाडं किती आलं असतं, ही ती कल्पना. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने ती पक्की झाली. पुढे मुंबई इलाख्यातल्या नगरपालिका कायद्यांमधूनही ती आपल्याकडे आली. आजच्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातही (मूळ १९४९ चा) करयोग्य मूल्य ठरवताना या अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी १० टक्के वजा होतात. म्हणजे अपेक्षित भाडं १,००,००० रुपये असेल तर करयोग्य मूल्य ९०,००० रुपये.

आता अडचण बघा. काल्पनिक भाडेकरू कोणाला दिसत नाही. त्यामुळे अंदाज करावा लागतो, आणि जिथे अंदाज असतो तिथे हरकतीला जागा ठेवावीच लागते. अपिलाचा हक्क म्हणजे कोणी केलेली मेहेरबानी नाही, तो या मोजमापाचाच एक भाग आहे. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर उपकरणात त्रुटी आहे हे मान्य करूनच त्याच्या दुरुस्तीची सोय ठेवलेली आहे.

ही सोय काढून घेतली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सापडतं. बार्शी नगरपालिकेने गिरण्या-कारखान्यांच्या इमारतींसाठी एक सोपा नियम केला : दर १०० चौरस फुटांना ४० रुपये वार्षिक भाडेमूल्य, प्रत्येक मजल्यासाठी सारखंच. १,००० चौरस फूट असतील तर ४०० रुपये, विषय संपला. लोकमान्य मिल्सने याला आव्हान दिलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बेकायदेशीर ठरवला. कारणं दोन होती. एक, वेगवेगळ्या प्रकारच्या इमारतींना प्रत्येक चौरस फुटामागे सारखंच भाडं येईल हे गृहीतकच चूक. दोन, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आकडा नियमातच लिहून ठेवला तर मालकाने मूल्यांकनावर हरकत घ्यायची तरी कशावर? कायद्याने दिलेला हक्क कागदावर शिल्लक राहतो, पण त्यात काही उरत नाही.

पुढचं महत्त्वाचं वळण डिसेंबर १९७९ चं. देवान दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडेनियंत्रण कायद्यात बसणाऱ्या प्रमाण भाड्याच्या वर करासाठीचं मूल्य जाऊ शकत नाही. करदात्याला दिलासा मिळाला, पण पालिकांची पंचाईत झाली. भाडी गोठलेली, खर्च वाढता. भांडवली मूल्यावर कर लावायची मागणी वाढली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. मुंबईत ती पद्धत २०१० पासून लागू झाली. तिथेही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही नियम रद्द केले, कारण पुढे कधीतरी होऊ शकणाऱ्या बांधकामाच्या शक्यतेवर आज कर लावणं त्याला मान्य झालं नाही. काळ वेगळा, शहर वेगळं, पण प्रश्न बार्शीचाच : सूत्र खऱ्या मालमत्तेपासून किती लांब जाऊ शकतं?

आता नगरकडे येऊ. इथली नगरपालिका १८५४ ची, आणि महानगरपालिका झाली ३० जून २००३ रोजी. पण अहिल्यानगर परिसरात घरपट्टीचा एकच कायदा नाही. शहरात महानगरपालिकेचा कायदा. भिंगारच्या छावणी हद्दीत २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा, त्यात अपील जिल्हा न्यायालयाकडे. शेजारच्या गावात ग्रामपंचायतीचा 'नमुना ८', आणि तिथे तक्रार पंचायत समितीकडे. अंतर थोडं, पण दार वेगळं.

महानगरपालिकेच्या हद्दीत क्रम चुकवून चालत नाही. आधी नोटिशीतल्या मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत द्यायची. तिचा निकाल लागल्यावर कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायाधीशांकडे अपील. ते दाखल करून घेण्यापूर्वी कराची रक्कम भरण्याची अटही आहे. हरकतच घेतली नसेल तर मूल्याविरुद्धच्या अपिलाचं दार बंद. त्यामुळे पोच घेतलेला हरकतीचा अर्ज जपून ठेवणं हे पावती जपण्याइतकंच महत्त्वाचं.

या विषयावर काम करायचं असेल त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, एकक तपासा. भाडेमूल्यावरची जुनी आकारणी आणि भांडवली मूल्यावरची नवी आकारणी एकाच आलेखावर ठेवून 'कर इतका वाढला' म्हणता येत नाही. आधी काय मोजलं जात होतं ते लिहा.

दुसरी, अपिलं म्हणजे यादृच्छिक नमुना नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गिरणी जाऊ शकली. मुदत, वकील आणि आधी भरायची रक्कम या तीन चाळण्यांतून एखाद्या जुन्या वाड्याची मालकीण पार होईलच असं नाही. त्यामुळे 'अपिलं कमी, म्हणजे लोक समाधानी' हा निष्कर्ष काढू नका. हरकतींची नोंदवही आणि अपिलांची नोंद शेजारी ठेवून गळती कुठे होते ते शोधा. खरा प्रबंध तिथे आहे.

तिसरी, निकालपत्र वाचताना फक्त 'कोण जिंकलं' बघू नका. नगरपालिकेला सोपा नियम का हवा होता, तेही विचारा. हजारो मालमत्ता आणि मोजके कर्मचारी असले की सूत्राचा मोह होतोच. प्रशासनाची सोय आणि नागरिकाचा 'हे चूक आहे' म्हणण्याचा हक्क यांतली ही ओढाताण घरपट्टीच्या प्रत्येक नोटिशीत असते. संशोधनाचा प्रश्न तिथूनच सुरू करा.