संगणकीय चित्रणातील अवकाशविभाजक वृक्षरचना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय दृश्य दाखवायचे असेल तर प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. पाहणाऱ्याला कोणती वस्तू दिसेल आणि कोणती दुसरीच्या मागे झाकली जाईल? मानवी डोळ्याला हा प्रश्न पडत नाही. संगणकाजवळ मात्र केवळ बिंदूंचे निर्देशक आणि त्यांपासून बनलेल्या बहुभुजाकृतींची यादी असते. कोण पुढे व कोण मागे हे त्याला हिशेब करूनच ठरवावे लागते. लपलेल्या पृष्ठांच्या या समस्येवर जी उत्तरे शोधली गेली, त्यांपैकी एक म्हणजे अवकाशाचे क्रमाक्रमाने विभाजन करून ते वृक्षाच्या रूपात साठवून ठेवणे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ही पद्धत सहसा अन्य पद्धतींच्या रांगेत बसवून शिकविली जाते, तर सर्वसामान्यांना ती एका गाजलेल्या संगणकीय खेळाची करामत म्हणून ठाऊक असते. दोन्ही ठिकाणी तिचा इतिहास हरवतो. या पद्धतीचा उदय, प्रसार आणि माघार यांमागे मेमरी व गणनशक्ती यांचे बदलते मोल होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वैमानिकांच्या प्रशिक्षणातून उगम :

१९६० च्या दशकात अमेरिकेत जमिनीवरच वैमानिकांना उड्डाणाचा सराव देणारी यंत्रे विकसित होत होती. अशा यंत्रात दृश्य क्षणोक्षणी बदलावे लागते. चित्र उशिरा आले तर सरावाला अर्थ उरत नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील रॉबर्ट शूमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमेरिकी हवाई दलासाठी तयार केलेल्या तांत्रिक अहवालात यावर एक मार्ग सुचविला. विमान हलते, पण धावपट्टी, इमारती आणि टेकड्या हलत नाहीत. तेव्हा त्यांचे परस्परसंबंध प्रत्येक चित्रासाठी नव्याने का तपासावेत? दोन वस्तुसमूहांच्या मधून एक काल्पनिक प्रतल नेता आले, तर पाहणारा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा समूह दुसऱ्याने कधीही झाकला जाणार नाही. हा निर्णय घेण्यास पाहणाऱ्याचे स्थान प्रतलाच्या कोणत्या बाजूस आहे, एवढेच कळणे पुरेसे ठरते.

त्याच १९६९ साली यूटा विद्यापीठात जॉन वॉर्नॉक यांनी आपल्या प्रबंधात वेगळी वाट धरली. त्यांनी पडद्याचेच चार भाग केले. एखाद्या भागातील दृश्य पुरेसे सोपे नसेल तर त्याचे पुन्हा चार भाग करावयाचे. दोघांच्याही मुळाशी विभाजनाचे तत्त्व होते. परंतु वॉर्नॉक चित्राचे विभाजन करीत होते आणि शूमाकर दृश्यातील अवकाशाचे. पाहणारा हलला की पहिले विभाजन नव्याने करावे लागते, दुसरे तसेच टिकते. हा भेद पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक आहे.

१९७४ साली आयव्हन सदरलँड, रॉबर्ट स्प्राउल आणि शूमाकर यांनी लपलेल्या पृष्ठांच्या दहा पद्धतींची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. या सर्व पद्धती मुळात क्रम लावण्याच्या पद्धती आहेत, हे त्यातील महत्त्वाचे निरीक्षण होते.

१९८० : सर्वसाधारण रूप :

शूमाकर यांच्या पद्धतीत विभाजक प्रतले दृश्य रचणाऱ्यानेच आखून द्यावी लागत. ही उणीव हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८० च्या आपल्या निबंधात दूर केली. त्यांची बायनरी स्पेस पार्टिशनिंग अर्थात बीएसपी वृक्षरचना पुढीलप्रमाणे आहे. दृश्यातील कोणतीही एक बहुभुजाकृती निवडावी आणि तिचेच प्रतल विभाजक मानावे. उरलेल्या आकृती त्याच्या पुढे किंवा मागे पडतील. जी आकृती प्रतलाला छेदत असेल तिचे दोन तुकडे करावेत. हीच क्रिया दोन्ही बाजूंवर, एकही आकृती शिल्लक न राहीपर्यंत, करीत जावे. त्यातून तयार झालेल्या वृक्षाच्या प्रत्येक गाठीवर एक आकृती आणि तिच्या दोन बाजूंना दोन उपवृक्ष असतात.

चित्र काढताना प्रत्येक गाठीवर पाहणारा कोणत्या बाजूस आहे हे पाहावे. पलीकडचा उपवृक्ष आधी, नंतर गाठीवरील आकृती आणि शेवटी अलीकडचा उपवृक्ष रंगवावा. चित्रकार आधी आकाश व डोंगर रंगवून मग त्यांवर झाड काढतो, तसाच हा क्रम होय. तीन आकृती एकमेकींवर चक्राकार चढलेल्या असल्यास कोणताही क्रम बरोबर ठरत नाही. येथे आकृतीचे तुकडे करण्याची तरतूद ही अडचण सोडविते. वृक्ष एकदा तयार झाला की पाहणारा कोठेही उभा असो, प्रत्येक तुकडा एकदाच हाताळून योग्य क्रम मिळतो.

याची किंमतही होती. तुकड्यांमुळे आकृतींची संख्या वाढते. मायकेल पॅटरसन आणि फ्रान्सिस याओ यांनी १९९० साली दाखविले की, त्रिमितीत प्रतिकूल परिस्थितीत ही वाढ मूळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात होऊ शकते. शिवाय एखादी भिंत हलली तर पूर्वतयारीचा मोठा भाग वाया जातो.

मेमरीचे मोल :

बीएसपीचा प्रतिस्पर्धी तिच्याआधीच जन्मला होता. एडविन कॅटमल यांनी यूटा विद्यापीठातील १९७४ च्या प्रबंधात झेड-बफर पद्धत मांडली. पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी आतापर्यंत आढळलेल्या सर्वांत जवळच्या पृष्ठाचे अंतर नोंदवून ठेवायचे आणि नवे पृष्ठ त्याहून जवळ असेल तरच तो बिंदू रंगवायचा, इतकी ती सरळ आहे. तीत क्रम, तुकडे वा पूर्वतयारी काहीच लागत नाही. परंतु ५१२ गुणिले ५१२ बिंदूंच्या पडद्यासाठी २,६२,१४४ अंतरे साठवावी लागतात. प्रत्येकास दोन बाइट धरल्यास केवळ या नोंदीसाठी ५१२ किलोबाइट मेमरी खर्च होते. त्या काळी ही चैन होती. म्हणजेच, बीएसपीचे आकर्षण मेमरीच्या महागाईवर उभे होते.

प्रसार आणि माघार :

डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम' हा खेळ आला. जॉन कारमॅक यांनी त्यात बीएसपी वृक्ष वापरून घरगुती संगणकावर वेगवान दृश्ये उभी केली. शोध मात्र त्यांचा नव्हता. विमानांच्या सरावयंत्रांतून विद्यापीठात पोहोचलेली कल्पना त्यांनी नेमकी हेरून वापरली. येथे वृक्ष नकाशाच्या द्विमितीय आराखड्यावर आधीच तयार केलेला असे आणि भिंती जवळून दूर अशा उलट क्रमाने काढल्या जात, जेणेकरून झाकलेला भाग रंगविण्याचे श्रम वाचत. या पद्धतीची मर्यादा खेळाच्या जगातही दिसते. डूममधील दरवाजे वर सरकतात, कडेला उघडत नाहीत; कारण भिंतीची आराखड्यातील जागा बदलली तर वृक्ष निरुपयोगी ठरला असता.

१९९६ च्या 'क्वेक'मध्ये वृक्ष त्रिमितीय झाला. मात्र त्यात स्थिर वास्तूसाठी वृक्ष आणि हलत्या पात्रांसाठी झेड-बफर अशी विभागणी होती. हे सहअस्तित्व संक्रमणाचे लक्षण होते. मेमरी स्वस्त होत गेली, झेड-बफर ग्राफिक्स कार्डातच बसविला गेला आणि पृष्ठांचा क्रम लावण्यासाठी वृक्षाची गरज ओसरली.

दुसऱ्या वाटेने पुनरागमन :

वृक्षरचना मात्र संपली नाही. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनविण्याची पद्धत मांडली. तीत किरण कोणत्या वस्तूला छेदतो हे शोधण्यातच बहुतांश वेळ जाई. अँड्र्यू ग्लासनर यांनी १९८४ साली अवकाशाचे आठ-आठ भाग करणारा ऑक्ट्री वृक्ष त्यासाठी वापरला. जॉन बेंटली यांचा १९७५ चा के-डी वृक्ष मूळचा नोंदींच्या शोधासाठी होता; तोही पुढे या कामी आला. २०१८ साली एनव्हिडियाने किरणशोधनासाठी खास विभाग असलेली ग्राफिक्स कार्डे बाजारात आणली. त्यांतील वृक्ष अवकाशाचे नव्हे, तर वस्तूंचे गट पाडतो. वस्तू थोड्याफार हलल्या तरी त्याची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. स्थिर जगाची जी अट बीएसपीला जाचक ठरली, ती येथे सैल झाली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, बीएसपी पद्धत चुकीची ठरली म्हणून मागे पडली नाही आणि झेड-बफर अधिक चतुर होता म्हणून पुढे आला नाही. बदलले ते खर्चाचे गणित. जे बदलत नाही त्याचा हिशेब आधीच करून ठेवावा, हे शूमाकर यांचे तत्त्व मात्र मेमरी, वेळ आणि हालचाल यांच्या प्रत्येक नव्या समीकरणात वेगळ्या रूपाने परतले. म्हणूनच या पद्धती कालक्रमाविना, केवळ पर्याय म्हणून शिकविल्यास विद्यार्थ्याला कृती समजते, पण निवडीमागील कारण समजत नाही. कोणत्या काळी, कोणत्या यंत्रावर आणि कशाची टंचाई असताना ती पद्धत योग्य ठरली, हा प्रश्न अध्यापनात आल्यास संगणकशास्त्राचा इतिहास हा त्या शास्त्राच्या आकलनाचाच भाग ठरेल.