दीव बेटावरचा पहिला दिवस : काय पाहावे, काय खावे

सुट्ट्या जवळ आल्या की सभासदांकडून दीवबद्दल विचारणा होते, म्हणून ही माहिती एकत्र देत आहे. सुरतेत दीवचे नाव काढले की समोरचा हसतो, कारण तिथे दारूबंदी नाही एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. निवृत्तीनंतर सौ. आणि मी तिथे गेलो, तोपर्यंत मीही त्यांतलाच होतो.

सुरतेहून रात्रीची स्लीपर बस खंभातच्या आखाताला वळसा घालून सकाळी पोहोचवते. नोव्हेंबर 2020 पासून हजिरा ते घोघा बोटसेवाही आहे. गाडी बोटीत चढवता येते, पुढे भावनगर, महुवा, उना असा रस्ता. बोटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारावी. गुडघे दुखणाऱ्यांनी बोटच धरावी.

सकाळी फाफडा, तळलेली मिरची आणि चहा घेऊन सरळ किल्ल्यावर जावे. ऊन चढले की तटावर सावली मिळत नाही. टोपी आणि पाणी सोबत हवेच.

हा किल्ला नीट पाहायचा तर दोन तास लागतात. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आला, तेव्हा 1535 मध्ये त्याने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत दीवजवळच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो स्वतः मेला. पुढे 1538 आणि 1546 असे दोन मोठे वेढे पडले, पण किल्ला पडला नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. या दोन्ही वेढ्यांत गुजरातच्या बाजूने लढणारा सरदार ख्वाजा सफर, म्हणजेच खुदावंद खान. सुरतेच्या चौक बाजारातला तापीकाठचा किल्ला पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचवण्यासाठी यानेच बांधला. 1546 च्या वेढ्यात दीवच्या तटासमोर तोफगोळा लागून तो ठार झाला. मी हे सांगत होतो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं चौकातून भाजी आणतेय, तो किल्ला आतून कधी पाहिलाय आपण?" पाहिला नव्हता. आता महापालिकेने तो दुरुस्त करून आत संग्रहालय केले आहे. सभासदांनी दीवला जाण्याआधी तो पाहून घ्यावा, म्हणजे दोन्ही किल्ले समजतील.

त्या वेढ्यानंतर किल्ला पुन्हा बांधायला पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याच्याकडे पैसे नव्हते. त्याचा मुलगा याच लढाईत मेला होता. त्याने गोव्याच्या नागरिकांकडे 20,000 पारदावांचे कर्ज मागितले आणि तारण म्हणून पाठवले स्वतःच्या दाढीचे केस! गोवेकरांनी पैसे दिले. माझी सगळी नोकरी कर्जखात्याच्या फायलींत गेली, पण असे तारण कोणी आणले नाही. आणले असते तर ऑडिटने मलाच धरले असते.

तटावरून खाडीच्या मुखाशी पाणकोठा दिसतो. 19 डिसेंबर 1961 ला गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. 1987 मध्ये गोवा वेगळे राज्य होईपर्यंत दीवचा कारभार पणजीहूनच चाले.

जेवणाला बंदराकडच्या बाजूला यावे. पापलेट, सुरमई, कोळंबी मिळते. भाव आधी विचारावा आणि मासा बघून मगच सांगावा. आम्ही गेलो तो सोमवार, त्यामुळे सौ.ने गुजराती थाळी घेतली आणि माझ्या सुरमईकडे पाहत जेवली. मसाला आपल्याकडच्यापेक्षा सौम्य असतो. रस्त्याकडेला होका नावाचे, फांद्या फुटलेले ताडासारखे झाड दिसते. त्याची तपकिरी फळे एकदा चाखायला हरकत नाही.

दुपारी झोप काढून फुदमच्या गंगेश्वराला जावे. समुद्राच्या लाटा तिथल्या पाच पिंडींवर येतात. भरतीची वेळ विचारून जा. आम्ही विचारली नाही, आणि पाण्याखालच्या पिंडींना वरूनच नमस्कार करून परतलो.

सूर्यास्त मात्र आयएनएस खुकरीच्या स्मारकावर पाहावा. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर पडायला लावून स्वतः जहाजावर थांबले. तिथे काचेत नौकेची प्रतिकृती आहे. आम्ही गेलो तेव्हा काही तरुण पायरीवर बाटल्या घेऊन बसले होते. सौ.ने जवळ जाऊन त्यांना एवढेच विचारले, "बेटा, इथे काय लिहिलंय ते वाचलंत का?" ते उठून गेले.

नागोआचा किनारा, नायडाच्या गुहा आणि वणाकबाऱ्याचे मच्छीमार बंदर दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. पावसाळ्यात नागोआला पाण्यात उतरू नये. परतताना चेकपोस्टवर सामान तपासतात. "एकच बाटली आहे" हे कारण चालत नाही.