किल्ली नसलेली गाडी

२४ डिसेंबर २०२१, शुक्रवार. शनिशिंगणापुरातल्या तुमच्या पत्र्याच्या शेडला चौकट आहे, दार नाही. घोडेगावहून आणलेले दोन चॅनल आणि चौकोनी पाइप संध्याकाळच्या आत उतरवून घेतलेत, कारण उद्या शनिवार. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, आणि खुद्द शनिदेवाच्या गावात तर मुळीच नाही. आईनं दुपारीच बजावलं होतं, "जे काय आणायचं ते आजच आण, उद्या नवं लोखंड घरात नको." जुनं कापायला मात्र बंदी नाही, ही पळवाट तुमची तुम्हीच काढलेली.

फोनवर तोच व्हिडिओ पुन्हा लावता. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला, पण या आठवड्यात गावाचं नाव गाजतंय ते दत्तात्रय लोहार यांच्यामुळे. मुलाच्या हौसेखातर त्यांनी भंगारातून जीपसारखी गाडी उभी केली, खर्च सुमारे साठ हजार. महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांनी २१ तारखेला तिचं जाहीर कौतुक केलं आणि पाठोपाठ तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. लोक बॉनेट बघतात, स्टेअरिंग डावीकडे कसं म्हणून विचारतात. तुमची नजर अडकते ती किकवर. गाडी किक मारून सुरू होते! कुलूप न लावणाऱ्या गावाला किल्ली नसलेली गाडी शोभेल, असा विचार मनात येतो आणि तुम्ही वेल्डिंगचा होल्डर उचलता.

तुम्ही जुळवत असलेल्या गाडीच्या सांगाड्याची अडचण पुढच्या चाकांची आहे. सरळ ढकलला की लोण्यासारखा जातो, वळवला की एक चाक खरडत येतं. दोन्ही चाकं सारखीच वळताहेत, हाच घोळ. तुम्ही काळी काच डोळ्यांपुढे धरता, रॉड टेकवता, निळा झोत उठतो.

काच खाली करता तर समोर १८१८ सालचं लंडन. घोड्यांच्या लिदीचा वास, दगडी रस्ता, बग्ग्यांची रांग. बहुतेक बग्ग्यांचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरतो. तीव्र वळणावर चाक पेटीखाली घुसतं आणि बग्गी कलंडायला बघते. म्युनिकचा बग्गी बनवणारा लँकेन्स्पर्गर याची युक्ती वेगळी: आस जागचा हलवायचा नाही, प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर वळवायचं, आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त. इंग्लंडमधलं पेटंट मात्र त्याच्या वतीनं अकरमन नावाच्या माणसानं घेतलं, म्हणून जगभरच्या पुस्तकांत नाव अकरमनचं. कारागिराच्या वाट्याला हे नेहमीचंच.

शेडमध्ये परतल्यावर तुम्ही सुतळी घेता. पुढच्या किंगपिनच्या, म्हणजे चाक वळतं त्या खिळ्याच्या, मध्यापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंत ताणता. टाय रॉडचं टोक या सुतळीवर आलं पाहिजे. तुमचं दोन बोटं बाहेर आहे. स्टेअरिंगचे दोन्ही हात कापून आत वळवता, नुसता टॅक मारता आणि ढकलून बघता. खरडणं जवळजवळ गेलं.

उत्साहात उजवा चॅनल एका दमात पूर्ण वेल्ड करता. मग टेप लावून कर्ण मोजता, तर एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. वेल्ड निवताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. पुन्हा काच, पुन्हा झोत.

आता १९४६. कॅलिफोर्नियातलं एल मिराज, सुकलेल्या तळ्याचा सपाट, भेगाळलेला तळ. महायुद्धावरून परतलेली पोरं इथं गाड्या पळवतात. १९३२ सालच्या फोर्डचं व्ही-८ इंजिन मूळचं अवघं ६५ अश्वशक्तीचं, पण स्वस्त आणि हाताशी. मडगार्ड काढलेत, टप कापून बुटका केलाय, चेसी तोडून खाली घेतलीय. बिल बर्क नावाच्या गड्यानं तर लढाऊ विमानाखाली लटकणारी जादा इंधनाची टाकीच गाडीचं अंग म्हणून वापरलीय. हॉट रॉड म्हटलं की आपल्याला रंगवलेल्या ज्वाळा आणि बाहेर डोकावणारं इंजिन आठवतं. माझ्या मते ती अर्धीच गोष्ट. तोडलेली चेसी पुन्हा सरळ जुळली नाही, तर तळ्यावरच्या त्या वेगात गाडी कुठे जाईल हे ज्वाळा ठरवत नाहीत.

तुम्ही परत येऊन वेल्ड ग्राइंडरनं उडवता. आता चारही कोपऱ्यांना आधी टॅक. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटूनपालटून बोट-बोट वेल्ड, मध्ये निवू द्यायचं, दर वेळी कर्ण मोजायचा. पहाट होते. कर्ण जुळतात.

इंजिनाची कथा अजून बाकीच. ते मोटरसायकलचं; तिच्यावर वाऱ्यावर निवतं, बॉनेटखाली कोंडलं की तापणार. रिक्षासारखा पंखा आणि भोवती पत्र्याचं खोकं लागेल. चेन सरळ मागच्या अखंड आसाला जोडली तर वळणावर दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरायचा हट्ट धरतील. रिक्षाचा डिफरन्शियल घेतला असता तर हे सुटलं असतं, आणि वर रिव्हर्सही मिळाला असता. पण तेही लोखंडच, आणि शनिवार तर उजाडला.

शेवटचा झोत तुम्हाला महिनाभर पुढे नेतो. जानेवारी २०२२, देवराष्ट्रे. लोहार कुटुंबाला बोलेरो मिळालीय. घरची गाडी महिंद्रांच्या संग्रहात जाणार. आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून हटवतील, असं महिंद्रांनी आधीच म्हटलं होतं, आणि ते खरंच आहे: नियमांत न बसणाऱ्या गाडीला नोंदणी नाही. तुमच्या गाडीचंही तेच, ती फार तर उसाच्या बांधावरून फिरेल. गंमत एवढीच की महिंद्रा कंपनीही १९४५ साली लुधियानात पोलादाचा व्यापार करत सुरू झाली आणि बाहेरून आलेले सुटे भाग जुळवून जीप बनवायला शिकली.

तुम्ही किल्ली नसलेल्या गाडीजवळ उकिडवे बसून खाली मान घालता. मागून कोणीतरी ओरडतं, "अहो पाव्हणं, नवी गाडी हिकडं हाय!"

"असू द्या," तुम्ही खालूनच म्हणता, "हिला रिव्हर्स कसा काढलाय, तेवढं सांगा."