डॉ. अभय बंग यांचे संशोधन आणि डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य

डॉ. अभय बंग (जन्म : २३ सप्टेंबर १९५०, वर्धा) हे गडचिरोली जिल्ह्यात काम करणारे डॉक्टर व संशोधक आहेत. त्यांनी व पत्नी डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांचे महत्त्वाचे शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आहेत.

प्रमुख शोधनिबंध

१९८९ : दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पण त्याआधी तशी तपासणी फक्त ८ टक्के स्त्रियांची झाली होती. आजार घरोघरी होता, पण विचारणारे कुणी नव्हते.

१९९९ : ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन, ऊब व स्तनपान पाहत आणि जंतुसंसर्ग झाल्यास उपचार करीत. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून केंद्र सरकारने घरोघरची नवजात बालसेवा आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली. आपल्या भागात बाळंतिणीच्या घरी येणाऱ्या आशाबहेनच्या कामाचे मूळ या प्रयोगात आहे.

डॉक्टर स्वतःच रुग्ण

१९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉ. बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आहार, व्यायाम, ताण आणि ध्यान यांविषयी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले व ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले. इतरांना तपासणारा डॉक्टर स्वतःच्या शरीर-मनाकडे पाहायचे विसरतो, ही गोष्ट एका डॉक्टरनेच मोकळेपणाने सांगितली, म्हणून आम्हाला या पुस्तकाचे मोल अधिक वाटते.

डॉक्टरांचे मन : आजची आकडेवारी

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या एम.बी.बी.एस.च्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. उत्तर देणे ऐच्छिक होते, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. तरीही ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नसावे, एक दिवस सुटी असावी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशा शिफारशी अहवालात आहेत.

आपल्या घरांसाठी

मुलगा किंवा मुलगी मेडिकलला लागली की आपण पेढे वाटतो. पुढे फोनवर मात्र मार्क, परीक्षा आणि पी.जी.ची सीट एवढीच चौकशी करतो. गडचिरोलीच्या संशोधनातून आम्ही एवढेच घेतले, की न विचारलेले दुखणे न सांगितलेलेच राहते. म्हणून आधी विचारावे : झोप झाली का? जेवलास का? मनावर काही ओझे आहे का? उत्तर ऐकताना ‘सगळ्यांनाच होतं’ असे म्हणून विषय संपवू नये.

गरज वाटल्यास ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीत व गुजरातीतही बोलता येते.