पितळी चॅसीची गोष्ट

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात टूलरूममध्ये झाली. आता कोपरखैरण्याच्या घरी, गॅलरीतल्या फळीवर मी स्लॉट कारच्या चॅसी बनवतो. खाच असलेल्या ट्रॅकवर विजेवर धावणारी ही चिमुकली गाडी. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या पुढच्या खुंटीला लावलेल्या तारेच्या वेण्या त्यांतून साधारण १२ व्होल्टची वीज उचलतात.

फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज कारखानदाराने १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ नावाची अशी विजेवरची गाडी मांडली. त्याआधी तो चावीच्या पत्र्याच्या गाड्या विकायचा. साठच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत या गाड्यांच्या शर्यतींचं वेडच लागलं. पण वळणावर वेग वाढवला की खुंटी खाचेतून उचकटायची आणि गाडी ट्रॅकबाहेर. कारखान्याच्या गाडीवर भागेना, तेव्हा हौशी मंडळींनी घरीच चॅसी बनवायला घेतली, तीही पितळेची.

पितळ घेतलं ते विचार करून. त्याची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तिप्पट. सगळं वजन जमिनीलगत राहतं, गाडी उलटत नाही. शिवाय पितळ कानशीने सहज घासलं जातं, आणि त्यावर डाख चटकन बसतो. आपल्याकडचा कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा, ते याच गुणावर. डाखातही मुख्य धातू कथीलच.

१:३२ मापात खऱ्या गाडीचं २४०० मिलिमीटरचं चाकांतलं अंतर ७५ मिलिमीटर होतं. एवढ्या जागेत मोटर, गिअर आणि आस बसवायचा. मी सपाट काचेवर पट्ट्या मांडतो, मागच्या आसाची नळी गुण्यात लावतो आणि मगच डाख देतो. वितळलेला डाख चकाकतो, थिजताना त्याची चमक किंचित मंदावते. तोवर हात हलता कामा नये. नळी केसभर तिरकी बसली तरी गाडी सरळ रस्त्यावर वेग गमावते. नुसती ताठ चौकट करूनही चालत नाही. चौकटीच्या बाजूच्या पट्ट्या, म्हणजे पंख, थोड्या सैल ठेवल्या की ट्रॅकचे हादरे त्यांतच जिरतात. हे शहाणपण पुस्तकातलं नव्हे, त्या घरगुती कारागिरांनी शर्यती हरून-जिंकून मिळवलेलं आहे. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

अमेरिकेतले बहुतेक भाड्याचे ट्रॅक साठचं दशक सरता सरता बंद पडले. इकडे आमचं शहर वसवणारी सिडको त्यानंतर, १९७० साली स्थापन झाली, म्हणजे या शहरापेक्षा हा छंद जुना. एमआयडीसीच्या कारखान्यांनी इथे फिटर, टर्नर घडवले. आज महापे-ऐरोलीत आयटी पार्क आणि डेटा सेंटरं उभी आहेत, पण ते हात अजून या शहरातच आहेत.

तुमच्या घरात असा एखादा निवृत्त फिटर असेल, तर त्याला एक पितळी पट्टी आणि सोल्डरिंग आयर्न आणून द्या, आणि नातवंडांना शेजारी बसवा.