मेसीनाची परीक्षा

आरमार म्हटलें कीं तोफा आठवतात. पण २८ डिसेंबर १९०८ रोजीं पहांटे भूकंपानें व पाठोपाठ उसळलेल्या लाटांनीं सिसिलींतील मेसीना शहर उद्ध्वस्त झालें, तेव्हां तोफांचें काम नव्हतें. जवळच ऑगस्टा बंदरांत रिअर-ॲडमिरल लिटव्हिनोव्ह यांचें रशियन शिक्षण-पथक नांगरून होतें. वार्ता येतांच जहाजें निघालीं व दुसऱ्या दिवशीं सकाळीं मेसीनास पोंचलीं. ढिगारे उपसण्याचा धडा त्या तरुण उमेदवारांस कोणी दिला नव्हता. परंतु हुकूम पाळणें, टोळ्या करून राबणें अंगवळणीं पडलें होतें. त्याच शिस्तीनें त्यांनीं गाडलेलीं माणसें बाहेर काढलीं. शेंकडों जखमींना जहाजांनीं नेपल्सला पोंचविलें. शिकलेल्या विद्येची परीक्षा अशी न सांगतां येते.