यूएसबी नियंत्रक आणि दोषाची जबाबदारी
ड्रायव्हर प्रमाणित होत नाही, तेव्हा दोष बहुधा त्याच्या कर्त्याच्याच माथी मारला जातो. इतिहास पाहता हा न्याय एकांगी वाटतो. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले, परंतु संगणकाच्या बाजूचे नियंत्रक दोन प्रकारचे निघाले. इंटेलच्या यूएचसीआयने कामाचा बराचसा भार सॉफ्टवेअरवर टाकला. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट व नॅशनल सेमीकंडक्टर यांच्या ओएचसीआयने तो यंत्रावर ठेवला. एकाच उपकरणाने एकीकडे निर्वेध चालावे व दुसरीकडे अडावे, याचे बीज येथे आहे. पुढे तर क्रमच उलटला: यूएसबी ३.० चे मानक २००८ चे, एक्सएचसीआयची १.० आवृत्ती २०१० ची आणि एनईसीचा नियंत्रक मात्र २००९ मध्येच तयार! विंडोज ७ मध्ये त्यासाठी अंगभूत ड्रायव्हर नव्हता. नियंत्रकाचे उत्पादक आपापला देत. ही उणीव २०१२ साली विंडोज ८ ने भरून काढली. तोवर चाचणी फसली की दोष उपकरणाच्या ड्रायव्हरचा की त्याखालील परक्या थराचा, हे ठरविण्यास तेच उपकरण निरनिराळ्या नियंत्रकांना जोडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते; आणि तो परका थर दुरुस्त करणे चाचणी देणाऱ्याच्या हाती नव्हतेच.